डावी मोकळी

काकू गेल्यावरही गाडीत त्यांचा आवाज येत राहिला, ही गोष्ट चालेलकाकांनी कुणालाच सांगितली नाही. सांगणार तरी कुणाला? मुलीला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी डॉक्टर गाठला असता. जुन्या सोबत्यांना सांगितलं असतं तर त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली असती आणि पाठ वळल्यावर एकमेकांना कोपरानं ढोसलं असतं. शिवाय तो आवाज हवाहवासा होता. आपल्याच घरात चोरून गोड खावं, तसं काका तो आवाज ऐकत.

'चालेल' हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गाड्यांच्या तपासणी केंद्रात त्यांचा उभा जन्म गेला आणि हे नाव तिथेच चिकटलं. वर्षाच्या पासिंगला गाडी घेऊन येणारी माणसं रांगेत उभी असत, तेव्हा त्यांचा जीव इंजिनात नसे, ब्रेकमध्ये नसे; तो पत्र्यावरच्या पोच्यात अडकलेला असे. माणूसजातच अशी. ब्रेक झिजून संपले तरी याला गाढ झोप लागते, पण दारावर चार बोटांचा पोचा आला की याला वाटतं, आपली अब्रूच चेपली. मग असा कुणी रडवेल्या तोंडानं विचारी, "साहेब, एवढ्यासाठी नापास नाही ना करणार?" काका खिशातून पिवळं फडकं काढत आणि पोच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत. फडकं सुळकन सरकलं की म्हणत, "चालेल." कुठे अडकलं, म्हणजे पत्रा फाटून धार आलेली असली, तर काही न बोलता फडक्याची घडी घालत. घडी दिसली की गाडीवाल्यानं काय ते समजायचं.

हाताखाली शिकायला येणाऱ्यांनाही ते हेच सांगत. "पोच्याला घाबरायचं नाही. मडगार्ड चेपलंय? चाकाला घासतंय का बघा. घासत नाही? चालेल. बंपरला चीर गेलीय? हलवून बघा. हलत नाही? चालेल. दार चेपलंय, पण नीट उघडतंय आणि नीट लागतंय? चालेल. दिवा फुटला, पत्र्याला धार आली, सीटबेल्टच्या मुळाशी गंजून भोक पडलं, तर मात्र कुणाचाही बाप आला तरी नाही." एवढं झालं की गाडीच्या आत डोकं घालून ब्रेकच्या पट्टीवरचं रबर दाखवत. "आणि हे बघा. मालक तोंडानं काय वाटेल ते सांगेल. गाडी कशी चालवली जाते ते या रबराला विचारा. पाय कुठे किती दाबला गेला, ते इथे उमटतं."

केंद्रात आणखी एक रीत होती. तपासणीसाठी गाडी खड्ड्यावर घ्यायची म्हणजे दोन अरुंद लोखंडी पट्ट्यांवरून चाकं न्यायची. चालवणारा उजवीकडे बसलेला. उजवं चाक त्याला खिडकीतून वाकून दिसतं, डावं दिसत नाही. म्हणून डाव्या बाजूला एक जण उभा राही आणि मोकळं असलं की हाळी देई, "डावी मोकळी!" चालवणाऱ्यानं तेच शब्द मोठ्यानं परत म्हणायचे आणि मगच गाडी हलवायची. हाळी नाही, तर गाडी नाही. मागे रांगेतले लोक कितीही बोंबलोत.

ही रीत काकांनी घरी आणली. लग्न नवं होतं, गाडी जुनी होती. काकू डावीकडच्या सीटवर बसलेल्या, आणि गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली की काका ऐटीत म्हणत, "बोला, डावीचे काय हाल?" काकू मान बाहेर काढून बघत आणि केंद्रातल्या शिपायासारखा आवाज काढून म्हणत, "डावी मोकळी, साहेब!" काका परत म्हणत, "डावी मोकळी," आणि गाडी हलवत. पुढे मुलगी झाली, मागच्या सीटवर बसायला लागली, तीही या खेळात ओरडायला लागली. गाड्या बदलल्या, केस पिकले, चेष्टेतलं 'साहेब' गळून पडलं. हाळी तेवढी राहिली.

काका निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांनी एका सकाळी त्यांचं डोकं भयंकर दुखलं. चक्कर आली, जीभ जड झाली, हातातला पेला सुटला. काकू म्हणाल्या, "चला दवाखान्यात." काका म्हणाले, "पित्त आहे, उतरेल." उतरलंही. दोन दिवस पडून राहिले आणि तिसऱ्या दिवशी गाडी पुसायला लागले. तेव्हापासून काकूंनी मात्र त्यांना एकट्याला गाडी घेऊन कधी जाऊ दिलं नाही. चाकात हवा भरायला निघाले तरी त्या चपला घालून तयार. आणि पूर्वी नुसती हाळी असे, आता तोंडाचा पट्टा सुरू झाला. "सायकलवाला आहे. खांब आहे. एक बाई येतेय, थांबा. जरा उजवीकडे घ्या. अजून घ्या." काका वैतागत. "अगं, मी काय आंधळा आहे?" काकू म्हणत, "नाही हो. गप्प बसलं की मला गाडी लागते." सोबत्यांच्या घोळक्यात काका हसून सांगत, "बायका म्हातारपणी फार बडबड्या होतात बघा."

मग काकूंच्या छातीत कफ भरला, आणि दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

घर गप्प झालं. काका किती तरी दिवस गाडीकडे फिरकलेच नाहीत. शेवटी एका सकाळी औषधं आणायला म्हणून त्यांनी गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी पायानं आपसूक ब्रेक दाबला आणि ते थांबले. कशासाठी थांबलो, हे मग त्यांच्या लक्षात आलं. आता कुणी बोलणार नव्हतं. मागून एकानं हॉर्न वाजवला, दुसऱ्यानं वाजवला. आणि मग डाव्या सीटवरून, अगदी स्वच्छ, सकाळच्या पहिल्या बोलण्यात असायचा तसा किंचित बसलेला आवाज आला.

"डावी मोकळी."

काकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्यांनी वळून बघितलं. सीट रिकामी होती. काकूंची पाठीशी घ्यायची उशी तेवढी होती, मधोमध चेपलेली. ते पुटपुटले, "डावी मोकळी," आणि त्यांनी गाडी पुढे घेतली. काही झालं नाही. औषधाच्या दुकानापुढे गाडी उभी करून ते तिथेच बसून ढसाढसा रडले, आणि खरं सांगायचं तर ते रडणं सुखाचं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी त्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. एकट्यानं निघाले तरी आधी डाव्या दाराशी जाऊन उशीवरून सीटबेल्ट ओढून लावत, मग आपल्या जागी बसत. काकू गेल्यावर मुलगी सोबतीला राहायला आली होती. एका छापखान्यात ती कामाला होती. तिला कुठे सोडायचं असलं की ती मागे बसे. पहिल्यांदा तिनं पुढचं दार उघडलं, तेव्हा काका असे काही ओरडले की तिनं पुन्हा त्या दाराला हात लावला नाही.

इथवर सगळं ठीक होतं. भुताखेतांवर काकांचा विश्वास नव्हता. पण आपलं माणूस भूत होऊन शेजारी बसणार असेल तर विश्वास ठेवायला त्यांची हरकतही नव्हती. अडचण झाली ती वेगळीच. काकूंचा आवाज खोटं बोलायला लागला.

फाटकातून बाहेर पडताना आवाज म्हणाला, "डावी मोकळी." काकांनी गाडी घेतली आणि डावं मडगार्ड फाटकाच्या खांबाला कचकन चेपलं. खांब काही त्या दिवशी उगवलेला नव्हता. पुढे एकदा बाजारात डावा आरसा एका टेम्पोला घासला. मग पुढचं दार, मग मागचं, मग बंपरचा डावा कोपरा. दर वेळी आवाज आधी म्हणालेला असे, मोकळी आहे, या. उभ्या आयुष्यात ही बाई भाजीवाल्याशीसुद्धा खोटं बोलली नाही आणि आता मेल्यावर आपल्या नवऱ्याला खांबावर घालते? काका रिकाम्या सीटवर चिडत. "अगं, दिसत नाही का तुला? का मुद्दाम करतेस?" उशी काही बोलत नसे.

आणि नुसते खांबच नाही. माणसंसुद्धा विचित्र वागायला लागली होती. उजवीकडून येणारा माणूस लांबून येताना दिसे, मोठा होत होत जवळ येई, जगाच्या रीतीप्रमाणे. डावीकडची माणसं येतच नसत. ती उगवत. आत्ता रस्ता रिकामा आहे, आणि आत्ता बंपरपुढे एक पोरगी दप्तर घेऊन उभी, डोळे विस्फारून. कुठून आली? घरातही तेच. मुलगी बोलायला लागेपर्यंत ती खोलीत असल्याचा पत्ता नसे, आणि मग एकदम ती खुर्चीत बसलेली असे. डाव्या खांद्याला दाराच्या चौकटी लागून निळे डाग पडले होते. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहिली की मुलगी रागावे, "बाबा, आवडली नाही तर तसं सांगा ना." काका ताटाकडे बघून चकित होत. मघाशी तिथे भाजी नव्हती.

एका दुपारी गाडीत बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, की याचा अर्थ सरळ आहे. ती आपल्याला न्यायला आली आहे. एकटीला करमत नसेल. म्हणून म्हणते, मोकळी आहे, या. हा विचार मनात आला तेव्हा त्यांनी चावी काढून घेतली. पण त्याहून भयंकर गोष्ट अशी, की थोड्या वेळानं त्यांनी ती परत लावली आणि त्यांना वाटलं, तसं असेल तर तसं.

मुलीनं गाडी विकायचा विषय काढला तो याच सुमारास.

"बाबा, गाडीची दशा बघा. विकून टाकू."

"का? चालते आहे की."

"आईनं सांगितलंय मला. दवाखान्यात. म्हणाली, 'मी गेले की आधी गाडी विक. त्यांना एकट्याला त्यात बसू देऊ नकोस.'"

काकांना कुणी थोबाडीत दिल्यासारखं झालं. "तुला सांगितलं? मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

काकांना फक्त एवढंच कळलं, की जिच्यासाठी आपण ही गाडी जपतो आहोत तिलाच ती नको होती. घरात तिच्या साड्या होत्या, भांडी होती, पण आवाज कुठेच नव्हता. तो या एका गाडीत होता. गाडी गेली असती तर काकू दुसऱ्यांदा गेल्या असत्या, आणि दुसऱ्यांदा ते सोसायची ताकद काकांमध्ये नव्हती.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पासिंग जवळ आलंय. नापास झाली तर तू म्हणशील त्याला विकू. पास झाली तर हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही."

मुलगी खिडकीतून गाडीकडे बघून हसली. डाव्या अंगाला धड जागा उरली नव्हती. "अशा गाडीला कोण पास करणार, बाबा? कबूल."

पोरीनं हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं. तपासनिसाच्या पोटी जन्माला आली आणि पोच्यानं गाडी नापास होते असं समजून बसली.

कोपऱ्यावरचा डेंटिंगवाला म्हणाला, "काका, ठोकून काढतो, वरून रंग मारतो. नवरीसारखी दिसेल." काकांनी नको म्हटलं. लपवाछपवी त्यांच्या रक्तात नव्हती. त्यांनी फक्त नियमापुरतं केलं. मडगार्डाची एक कड फाटून वर आली होती, ती कानशीनं घासून बोथट केली. मागच्या डाव्या दिव्याची काच तडकली होती, ती बदलली. मग पिवळं फडकं घेऊन सगळ्या पोच्यांवरून फिरवलं. कुठेही अडकलं नाही. 'चालेल,' ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्यांच्या गाड्या वाकून वाकून बघितलेला हा माणूस. आपल्या गाडीत त्यानं फक्त फडकं अडकतं का तेवढं बघितलं.

पासिंगच्या दिवशी मुलगी सुट्टी घेऊन मागे बसली. काकांनी उशीला बेल्ट लावला. मुलीनं नजर दुसरीकडे वळवली. वाटेत प्रत्येक चौकात आवाज आला आणि प्रत्येक चौकात काका हळूच ओठ हलवून तो परत म्हणाले. एका वळणावर डावीकडून सायकलवाला उगवला. मुलगी किंचाळली, काकांनी ब्रेक दाबला. सायकलवाला शिव्या देत निघून गेला.

"हल्ली लोक कसे अंगावर येतात," काका म्हणाले. मुलीनं पुढची सीट दोन्ही हातांनी घट्ट धरलेली होती.

केंद्रात आता जी तपासनीस होती ती काकांच्याच हाताखाली शिकलेली. तिनं धावत येऊन नमस्कार केला, तब्येत विचारली, काकूंबद्दल दोन शब्द बोलली आणि मग कामाला लागली. गाडी तिनंच खड्ड्यावर घेतली. खालून बघितली, ब्रेक बघितले, दिवे बघितले. सगळं चोख. मग राहिला पत्रा. पत्रा बघायची पद्धतही काकांचीच होती: एकानं हात फिरवत बोलायचं, दुसऱ्यानं ते परत म्हणायचं, म्हणजे काही सुटत नाही. तिचा मदतनीस दुसऱ्या गाडीवर गुंतला होता.

"मी म्हणतो," काका म्हणाले. त्यांना फार वर्षांनी बरं वाटत होतं.

तिनं फडकं काढलं. तेही पिवळंच होतं. डावीकडून सुरुवात झाली.

"डावं मडगार्ड. पोचा. धार नाही. चाकाला घासत नाही."

"डावं मडगार्ड, पोचा, धार नाही, घासत नाही. चालेल."

"डावा आरसा. घासलाय. काच शाबूत."

"चालेल."

"डावं पुढचं दार. पोचा. लागतंय नीट. डावं मागचं दार. पोचा, खाली ओरखडा."

"चालेल. चालेल."

"बंपर, डावा कोपरा. चीर. हलत नाही."

"चालेल," काका म्हणाले आणि मुलीकडे विजयानं बघितलं. मुलीचा चेहरा उतरला होता.

तपासनीस मागून वळून उजव्या बाजूला आली. तिचा हात पत्र्यावरून सरकत होता.

"उजवं मागचं दार. स्वच्छ."

"स्वच्छ."

"उजवं पुढचं दार. स्वच्छ."

"स्वच्छ."

"उजवं मडगार्ड. स्वच्छ." ती थांबली. "आरसा. स्वच्छ. साधा ओरखडासुद्धा नाही, काका."

काका परत म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले. हीच पोरगी नवी होती तेव्हा अशाच एका गाडीपाशी उभं राहून त्यांनी तिला एक वाक्य सांगितलं होतं. तिला ते आठवत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. एक पोचा हा अपघात. एकाच बाजूला चार पोचे असले तर ती सवय, आणि सवय गाडीला नसते.

तिनं ते वाक्य उच्चारलं नाही. कागदावर सही केली, काचेवर नव्या वर्षाची चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाली, "पास." मग सहज बोलल्यासारखं म्हणाली, "खड्ड्यावरून गाडी तुम्हीच काढा, काका. डावीला मी उभी राहते. जुन्या दिवसांसारखं."

काका उजवीकडे बसले, मुलगी मागे. इंजिन सुरू झालं. काका हाळीची वाट बघत थांबले. काचेपलीकडे केंद्राचं रिकामं अंगण होतं, फाटक होतं, ऊन होतं. आणि मग आवाज आला, स्वच्छ, किंचित बसलेला.

"डावी मोकळी."

"डावी मोकळी," काका मोठ्यानं म्हणाले आणि त्यांनी गाडी सोडली.

बॉनेटवर धाडकन हात आपटला. मुलगी मागून ओरडली, "बाबा! थांबा!" काकांनी ब्रेक दाबला. आणि काचेपुढे, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यापाशी, तपासनीस उगवली. तिचे दोन्ही हात बॉनेटवर टेकलेले होते, चेहरा पांढरा पडला होता. एका हातात पिवळं फडकं होतं.

"अगं, हाळी दिलीस आणि मध्ये काय येतेस!" काका ओरडले.

"मी हाळी दिलीच नाही, काका." तिला धाप लागली होती. "मी इथेच उभी होते. पहिल्यापासून. हे फडकं हलवत होते तुमच्यासमोर."

काकांनी मागे वळून मुलीकडे बघितलं. मुलगी रडत होती. "कुणीच काही बोललं नाही, बाबा. तुम्हीच तेवढे बोललात."

तपासनीस त्यांच्या खिडकीशी आली, उजव्या बाजूला, जिथे ती त्यांना दिसत होती. "गाडी पास आहे, काका. पोच्यांसाठी नापास करायचा नियम नाही, तुम्हीच शिकवलंय. माणूस तपासायची सोय आपल्याकडे नाही. ते त्याच्या घरच्यांनी करायचं."

काकांनी चावी काढली आणि न बघता मुलीच्या हातात दिली. आपण जिंकलो, हे त्यांना आठवत होतं. जिंकलेला माणूस चावी देऊन टाकत नाही, हेही त्यांना कळत होतं.

मुलगी उजवीकडे बसली. काका गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले. त्यांनी उशीवरचा बेल्ट सोडवला, उशी उचलून मांडीवर घेतली आणि त्या सीटवर बसले. इतक्या वर्षांत इथे ते कधीच बसले नव्हते. पाय लांब केले आणि उजवा पाय खाली कशात तरी रुतला.

त्यांनी वाकून बघितलं. पायाखालच्या रबरी गालिच्याला भोक पडलेलं होतं. एका पावलाएवढंच. आजूबाजूचं रबर नव्यासारखं होतं, नक्षी जशीच्या तशी होती. आणि त्या एका जागी ते झिजून, फाटून, खालचा पत्रा उघडा पडला होता. पत्राही घासून चकचकीत झाला होता. काका बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून मुलीच्या पायाखालची ब्रेकची पट्टी बघितली. तिच्यावरच्या रबराच्या रेघा अजून उठून दिसत होत्या. गाडी चालवणाऱ्यानं दाबला नव्हता एवढा ब्रेक या बाजूला दाबला गेला होता, जिथे ब्रेक नव्हताच.

ती खांब आहे म्हणायची, बाई येतेय म्हणायची, तेव्हा तिचा पाय इथे असा दाबलेला असायचा. त्या पित्ताच्या दिवसापासून दर फेरीला. औषधाच्या दुकानापर्यंत, बाजारापर्यंत, हवा भरायला जाताना. आणि आपण चारचौघांत सांगत होतो, बायका म्हातारपणी बडबड्या होतात. काकांना तिच्यावरचा सगळा राग आठवला, आणि त्यांना इतकी लाज वाटली की उशीत तोंड लपवावंसं वाटलं. ती न्यायला आली नव्हती. जिवंत होती तोवर रोज त्यांना परत आणत होती. खोटं ती बोललीच नव्हती. तिचं तोंड वापरून त्यांची सवयच बोलत होती.

मुलीनं डोळे पुसले आणि गाडी हळूहळू फाटकापर्यंत आणली. बाहेर रस्ता वाहत होता. तिनं ब्रेक दाबला, उजवीकडे बघितलं आणि लहानपणापासून ऐकत आलेलं तिच्याही तोंडून सहज निघून गेलं.

"बाबा, डावी?"

काकांनी डावीकडे बघितलं. रस्ता रिकामा दिसत होता. अगदी रिकामा, ऊन पडलेला. त्यांनी वाट बघितली. मांडीवरची उशी दोन्ही हातांनी धरून, श्वास रोखून त्यांनी त्या आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. त्यांचा पाय मात्र त्या झिजलेल्या खळग्यात आपसूक दाबला गेला.

"थांब," ते म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही गं. कधीपासून, ते तुझ्या आईला माहीत होतं."